नळाचे आटे आणि एमजीबीचं तेल

‘आटा’ म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे गव्हाच्या पिठाचा डबा आला, त्यांनी तो आधी जागेवर ठेवून यावा. आपल्या हत्यारांच्या पेटीतून आज निघालाय तो लोखंडाचा, पितळेचा, ॲल्युमिनियमचा आटा. बोल्टच्या अंगावर, नळाच्या शेपटावर, अगदी मधाच्या बाटलीच्या गळ्यावरसुद्धा गोल गोल चढत जाणारी खाच असते ना, ती. पुष्कळ वेढे मिळून झाले आटे.

या आट्यांशी माझी पहिली ओळख बोलणी खाऊन झाली. मी सातवीत होतो. न्हाणीघरातला नळ गळत होता. बाबा कामावर, आई बाजारात. म्हटलं, आपणच बदलू या. जुना नळ निघाला छान. नवा लावताना मात्र तो जरा तिरका लागला. दोन वेढे गेला आणि अडला. आता शहाण्या माणसानं काय करावं? थांबावं. मी काय केलं? पाईप पाना आणला आणि दोन्ही हातांनी लोंबकळलो! ‘कर्र’ असा आवाज आला, नळ आणखी एक वेढा गेला आणि मला वाटलं, फत्ते! मग मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक उघडला. पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन करत नाही. शेजारचे आजोबा डोक्याला साबण लावून बसले होते एवढं सांगतो.

संध्याकाळी नळवाले मिस्त्री आले. त्यांनी भिंतीतल्या तोंडात करंगळी घातली, एकदा फिरवली आणि म्हणाले, “आटे मारले की रे!” मग त्यांनी एक गंमत दाखवली. नवा नळ तोंडाला लावून त्यांनी तो आधी उलटा फिरवला. सैल करायच्या दिशेनं! फिरवता फिरवता ‘टक्’ असा बारीक आवाज आला. नळ किंचित खाली बसला. मग त्यांनी तो सुलटा फिरवला, तर नुसत्या बोटांनी चार वेढे गेला. दोन्ही आट्यांची तोंडं समोरासमोर आली की तो ‘टक्’ होतो. पाना नंतर, आधी बोटं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे एका वाचकमित्राचं पत्र. त्याला जुन्या मोटारींचं वेड आहे. त्यानं विचारलंय, “जुन्या विलायती गाडीच्या ऑईल कूलरचे आटे खराब झाले तर ते दुरुस्त होतात का, की कूलरच फेकावा लागतो?” प्रश्न एकदम कामाचा आहे. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण त्या गाडीचा कूलर आणि आमच्या न्हाणीघरातला तो नळ हे एकमेकांचे नातेवाईक आहेत.

आपण एकच गाडी घेऊ या, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. एमजीबी. दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. हल्ली आपल्याकडे रस्त्यावर ‘एमजी’ लिहिलेल्या गाड्या दिसतात. नाव तेच, पण मालक, कारखाना, गाडी सगळं वेगळं. जुन्या एमजीमधली अक्षरं आली ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’वरून. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला, म्हणजे सगळ्यांत धाकटी एमजीबीसुद्धा चाळिशी ओलांडून गेली आहे. तरी इंग्लंडमध्ये हौशी लोक रविवारी घरच्या गॅरेजमध्ये तिच्याखाली आडवे पडलेले असतात.

आता ऑईल कूलर म्हणजे काय ते आधी पाहू. इंजिनात तेल असतं ते धातूवर धातू घासू नये म्हणून. पण तेल आणखी एक काम करतं. ते आतली उष्णता घेऊन बाहेर येतं. गोडंतेल कढईत तापलं की कसं पाण्यासारखं पातळ होतं? इंजिनचं तेलही तसंच होतं. फार पातळ झालं तर धातूंच्या मधला त्याचा थर टिकत नाही. म्हणून त्याला थंड करायचं. कसं? आजोबा चहा बशीत ओतून पितात ना, तसं! बशीत चहा पसरतो, जास्त हवा लागते, लवकर निवतो. कूलर ही तेलाची बशी. चपट्या नळ्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या घड्या, आणि समोरून येणारा वारा. एमजीबीत हा कूलर पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे बसवलेला असतो. आपल्याकडच्या काही मोठ्या मोटारसायकलींनाही असा छोटा कूलर असतो. कुणाच्या दादाकडे असली तर वाकून बघा (दादाला विचारून).

एमजीबीच्या कूलरला दोन तोंडं असतात, वरून आटे पाडलेली. एका नळीतून गरम तेल येतं, दुसरीतून निवलेलं तेल फिल्टरकडे आणि तिथून इंजिनात जातं. नळ्यांच्या टोकाला लोखंडी नट असतात, ते या तोंडांवर फिरवून घट्ट करायचे. आणि इथेच सगळी भानगड होते.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. कूलर गाडीच्या अगदी पुढे, त्यामुळे पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट त्याच्यावर. पन्नास हिवाळे असे गेले की नट आणि तोंड एकमेकांना गंजानं इतके चिकटतात, की जणू एकच तुकडा! तोंड ॲल्युमिनियमचं आणि नट लोखंडी असेल तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम जास्तच खाल्लं जातं. मग मालक येतो, नटाला एक पाना लावतो आणि मी नळाला लोंबकळलो होतो तसाच लोंबकळतो. नट फिरत नाही. फिरतं ते कूलरचं तोंड, आणि त्याच्याबरोबर आतला पातळ पत्रा पिळवटून फाटतो. आट्यांची गोष्ट तर पुढेच राहिली!

म्हणून पहिला नियम दोन पान्यांचा. एक पाना कूलरच्या तोंडाच्या मुळाशी असलेल्या षटकोनी भागाला धरायचा आणि तो अजिबात हलू द्यायचा नाही. दुसऱ्यानं नट सोडवायचा. त्याआधी दोन-तीन दिवस गंज सोडवणारं पातळ तेल रोज थेंब थेंब सोडत राहायचं. तरीही नट हलला नाही तर? ज्योतीनं तापवू नका, तिथे रबराची नळी आहे आणि आत तेल आहे. दोन्ही पेट घेतात.

अशा वेळी मी तर सरळ नटाचा बळी देईन. नळ्यांची दुसरी टोकं इंजिनच्या बाजूनं सोडवायची आणि कूलर नळ्यांसकट बाहेर काढायचा. मग टेबलावर नीट उजेडात बसून त्या हट्टी नटावर हॅक्सॉनं उभी चीर पाडायची. हळूहळू. खाली आट्यांच्या रेषा दिसायला लागण्याच्या आधीच करवत थांबवायची. मग चिरेत छिन्नी घालून पिळली की नट उलतो आणि हातात येतो. नळी गेली, पण नळी नवी मिळते, आणि पन्नास वर्षांची रबराची नळी तशीही बदलायलाच हवी होती. पुष्कळ लोक उलटं करतात. दोन नळ्या वाचवायला जातात आणि कूलर घालवतात.

आता नट निघाला. रॉकेल आणि ताराचा ब्रश घेऊन तोंड साफ करायचं आणि भिंगातून बघायचं. बहुधा काय दिसतं? पुढचे एक-दोन वेढे चेपलेले, कधीतरी कुणीतरी नट तिरका चढवलेला. मागचे वेढे ठीक असतात. अशी केस बरी होते.

पण कानस उचलण्याआधी एक प्रश्न. हे आटे कुठल्या मापाचे? वाटतं तितकं सोपं नाही हे. व्हर्नियर लावला तर बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ २१ मिलिमीटर. पुस्तकातला आकडा २०.९५५. एका इंचात वेढे चौदा. आणि याचं नाव काय, तर ‘अर्धा इंची’! आता २१ मिलिमीटर म्हणजे अर्धा इंच कुठून झाला? अर्धा इंच तर १२.७ मिलिमीटर. गंमत अशी, की हे माप आट्यांचं नाहीच. जुन्या काळी लोखंडी पाईपच्या पोटातलं भोक अंदाजे अर्धा इंच असायचं, त्या पाईपच्या बाहेर जे आटे पाडले ते ‘अर्धा इंची’ आटे. पाईपची भिंत पुढे पातळ झाली, भोक बदललं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि हेच अर्धा इंची आटे तुमच्या घरातल्या नळाला आहेत! आपल्या देशात मेट्रिक मापं १९५८ पासून आली. दूध लिटरवर गेलं, कापड मीटरवर गेलं, पण दुकानात जाऊन आजही आपण “अर्धा इंची नळ द्या” असंच म्हणतो. पाकिटावर १५ एमएम छापलेलं असलं तरी आटे तेच जुने विलायती.

खोटं वाटतं? जुना काढलेला नळ कुठे पडला असेल तर घ्या. (भिंतीतला काढू नका! माझी गोष्ट वाचलीत ना?) त्याच्या शेपटावर पातळ कागद घट्ट धरा आणि वरून पेन्सिलीचं शिसं आडवं धरून घासा, नाण्याचा छाप घेतो तसं. कागदावर बारीक समांतर रेषा उमटतील. आता पट्टीची इंचांची बाजू लावा आणि अर्ध्या इंचात किती रेघांची अंतरं बसतात ते मोजा. सात! म्हणजे इंचात चौदा.

हे आटे ठरवले कुणी? त्यासाठी १८४१ सालात जायला हवं. तोवर इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. मँचेस्टरला जोसेफ व्हिटवर्थ नावाचे यंत्रकार होते. त्यांनी काय केलं, ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सगळ्यांच्या मधलं असं एक माप सुचवलं. अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुक वेढे, आणि खाचेच्या दोन भिंतींमधला कोन ५५ अंश. खाचेची टोकं गोलसर. आपल्या नळाचे आणि एमजीबीच्या कूलरचे आटे याच घराण्यातले.

पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी दुसरी पद्धत सुचवली. कोन ६० अंश, टोकं सपाट. त्यांचं म्हणणं, साध्या कारागिराला हे पाडायला सोपं. बरोबरच होतं ते. पण झालं असं, की जगात दोन घराणी झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन एकाच बाजूनं लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नव्हता! शेवटी १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तिघांनी मिळून ६० अंशांचे समाईक आटे मान्य केले. एमजीबी आली त्यानंतर, म्हणून तिचे बहुतेक नट-बोल्ट या नव्या पद्धतीचे आहेत. कूलरची तोंडं मात्र जुन्याच ५५ अंशांच्या पाईपच्या आट्यांची. एकाच गाडीत दोन शाळांची मुलं!

आता सापळा कुठे आहे ते बघा. अमेरिकन पाईपचे अर्धा इंची आटेही आहेत. त्यांच्याही एका इंचात वेढे चौदाच. व्यासही थोडासाच वेगळा. पण कोन ६० अंश, आणि ते गाजरासारखे निमुळते. असा नट कूलरच्या तोंडावर लावला तर तो एक-दोन वेढे गुणी बाळासारखा चढतो. मग अडतो. मग कुणीतरी पाना आणतं. ‘कर्र’. चेपलेल्या आट्यांमागे वय किंवा गंज असतो तसा कधी कधी हा चुकीचा नटही असतो. म्हणून आटे दुरुस्त करण्याआधी नटही तपासायचा, नाहीतर आज नीट केलेलं उद्या पुन्हा चेपणार. तपासायला पिच गेज नावाचं हत्यार मिळतं. चाकूच्या पात्यांसारखी दातेरी पाती असतात, योग्य पातं खाचेत बसवलं की मधून उजेड दिसत नाही. ५५ अंशांचं आणि ६० अंशांचं गेज वेगळं असतं, हे पालकांपैकी कुणी घेणार असतील तर लक्षात ठेवावं.

आता दुरुस्ती. कूलरचं तोंड जमिनीकडे करून धरायचं आणि भोकात रबरी बूच मारायचं. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात. हे एवढं सोवळं कशासाठी? कानशीनं घासलं की धातूचा कीस पडतो. तो कूलरच्या नळ्यांत शिरला तर तेलाबरोबर निघतो. पुढे फिल्टर आहे, मान्य. पण थंडीत तेल घट्ट असताना फिल्टरमधून ते पुरेसं जात नाही, तेव्हा इंजिन उपाशी राहू नये म्हणून फिल्टरला एक आडवाट ठेवलेली असते. त्या वाटेनं कीस थेट बेअरिंगांपर्यंत पोचू शकतो. बेअरिंग म्हणजे आरशासारखी गुळगुळीत जागा. तिथे किसाचा एक कण म्हणजे डोळ्यात वाळूचा खडा.

तोंड खाली का, तर कीस आपोआप बाहेर पडावा म्हणून. आणि कूलरचं अंग शेगड्यात आवळायचं नाही, नळ्या चेपतात. षटकोनी भाग तेवढा हलका धरायचा.

चेपलेल्या वेढ्यासाठी बारीक तिकोनी कानस घ्यायची. चांगल्या वेढ्याच्या खाचेत ती ठेवायची आणि खाचेच्या वाटेनंच पुढे पुढे खराब जागेकडे यायचं. नवी वाट काढायची नाही. जुनी वाट शोधायची. मध्येच मोडलेली पाऊलवाट आपण कशी शोधतो? जिथे दिसते तिथून सुरुवात करून. आटे पाडायला खास दातेरी कानसही मिळते, तिच्या एकेका बाजूला इंचात ठरावीक दाते असतात. चौदा दात्यांची आणि ५५ अंशांची बाजू असेल तर काम अजून सोपं, कारण तिचे मागचे दाते चांगल्या खाचांत बसतात आणि पुढच्यांना आपोआप वळण लावतात.

कानशीनं तोंड थोडं उघडलं की डाय घ्यायचा. डाय म्हणजे आतून धार असलेला पोलादी नट. तेल लावून, सरळ धरून, अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे. मागे घेतल्यानं कीस तुटून पडतो. पण इथेही तीच भीती. पुढचाच वेढा खराब असेल तर डाय तिरका लागू शकतो. यावर कुणीतरी फार हुशारीनं दोन फाकांचा डाय काढलाय. त्याच्या फाका उघडून तो मागच्या चांगल्या वेढ्यांवर मिटायचा, आणि तिथून बाहेरच्या बाजूला सोडवत आणायचा. तो चांगल्या आट्यांवरून निघतो आणि वाटेत खराब सरळ करत येतो. मला हे हत्यार सगळ्यांत आवडतं. आमचे नळवाले मिस्त्री नळ आधी उलटा फिरवायचे, त्याचाच हा मोठा भाऊ.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कानस काय, डाय काय, दोन्ही धातू सरळ करतात किंवा कमी करतात. गेलेला धातू परत आणत नाहीत. एक-दीड वेढा चेपला असेल तर हे सगळं करावं. पण नट चढवून पाहिला आणि तो आट्यांवर डुगडुगला, किंवा वेढ्यांचे माथे चाकूनं कापल्यासारखे उडालेले दिसले, तर थांबावं. त्या तोंडावर आटे असतात साधारण सात-आठ वेढे. त्यातले तीन-चार मेले, की उरलेल्यांवर सगळा भार.

किती भार? तुमची गच्चीवरची टाकी नळाच्या दहा मीटर वर असेल तर नळात दर चौरस इंचाला साधारण १४ पौंडांचा दाब असतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा भरतात. आणि एमजीबी रस्त्यानं पळत असते तेव्हा तिच्या तेलाचा दाब असतो ५० ते ८० पौंड! तेही हात भाजेल इतकं तापलेलं तेल. नळाचा आटा सुटला तर न्हाणीघर भिजतं आणि आजोबा ओरडतात. कूलरची नळी सुटली तर इंजिनातलं चारेक लिटर तेल बघता बघता रस्त्यावर. ते मागच्या चाकाखाली आलं तर गाडी घसरते. आणि चालवणाऱ्याचं दाब दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष नसेल तर इंजिन कोरडं फिरून आतल्या आत जॅम होतं. एवढ्या भरवशावर ‘चालेल की’ म्हणू नये.

मग काय पर्याय? एक म्हणजे कुशल कारागिराकडून जुनं तोंड कापून नवं जोडून घेणं. पितळेचं असेल तर झाळून, ॲल्युमिनियमचं असेल तर वेल्डिंग करून. पण आतलं पन्नास वर्षांचं तेल आधी पूर्ण निघायला हवं, नाहीतर जोड पोकळ राहतो. दुसरा पर्याय नवा कूलर. एमजीबीचे नवे कूलर मिळतात, आणि खरं सांगायचं तर आटे पार गेले असतील तर मी नवाच घेईन. जुना भिंतीवर लावून ठेवावा हवा तर. काही गाड्यांत आटे कूलरच्या तोंडाच्या आतून असतात, तिथे मात्र एक सुंदर युक्ती चालते. खराब आटे खरवडून भोक थोडं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी पोलादी तार त्यात फिरवून बसवायची. तारेचा आतला भाग पुन्हा मूळ मापाचे आटे होतो. ॲल्युमिनियममध्ये ही तार मूळच्या आट्यांपेक्षा दणकट ठरते. आपल्याकडे स्पार्क प्लगचे आटे गेले की गॅरेजवाले हेच करतात. एमजीबीच्या कूलरचे आटे बाहेरून असल्यामुळे त्याला याचा उपयोग नाही.

आणि टेप? मला माहीत आहे, तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात केव्हाचं आलं असेल, “काका, पांढरी टेप गुंडाळा की!” नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप. नळाला ती चालते, कारण तिथे पाणी अडवायचं काम आट्यांनीच करायचं असतं. कूलरचं तसं नाही. त्याच्या तोंडात आत एक शंकूसारखी बैठक असते आणि नळीच्या टोकाला तिला जुळणारा शंकू. तेल अडतं ते या दोघांच्या मिठीत. आटे फक्त आवळायचं काम करतात. तेव्हा टेप लावून गळती थांबणार नाही. उलट टेपचे फाटके तुकडे आत गेले तर तेलाच्या बारीक वाटा बुजतील. गळत असेल तर आट्यांबरोबर बैठकही भिंगातून पाहा. तिच्यावर एक ओरखडा असला तरी तेल बरोबर तिथून वाट काढतं.

आटे नीट झाले, नवा नट बोटांनी शेवटपर्यंत गेला. आता धुणं. तोंड वर करून रॉकेल भरायचं, खळखळ हलवायचं, पांढऱ्या फडक्यातून गाळून ओतायचं. मग दुसऱ्या तोंडानं तसंच. फडक्यावर चमचम दिसणं थांबेपर्यंत. मला विचाराल तर दोन-तीनदा पुरत नाही, आठ-दहा वेळा करावं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचंही हेच.

गळतीची पहिली परीक्षा सायकलवाल्याची. तो ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवतो ना? तसंच. एक तोंड बंद, दुसऱ्यातून थोडीशी हवा, कूलर बादलीत. बुडबुडे नाहीत? छान. (हवा थोडीच हं, आणि मोठं कुणी जवळ हवं.)

मग गाडीवर चढवायचा. नट आधी उलटा फिरवून ‘टक्’ ऐकायचा, मग बोटांनी सगळे वेढे, आणि शेवटचं आवळणं तेवढं दोन पान्यांनी. कूलर रिकामा आहे, तेव्हा इंजिन लगेच सुरू करायचं नाही. ठिणगी बंद ठेवून स्टार्टरनं थोडं थोडं फिरवायचं, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत. काटा उठला म्हणजे तेल सगळीकडे पोचलं. मग इंजिन सुरू करून दोन्ही नटांवर कोरडा कागद फिरवून बघायचा. एकदा गार असताना, एकदा तापल्यावर, कारण तापलेलं पातळ तेल गारेला न सापडलेली फट शोधून काढतं.

रात्री गाडीच्या नाकाखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि झोपायचं. सकाळी कागदावर तेलाचा डाग असेल तर तो बरोबर कुठल्या नटाच्या खाली आहे ते आधी पाहायचं, आणि मग पाना उचलायचा.